उरलेले चार

सोमवारी परीक्षा होती, म्हणून रुचिता सकाळपासून ओटीवर बसून मोठमोठ्यानं उत्तर घोकत होती. प्रश्न आठ मार्कांचा होता. दहशतवादी संघटना सामान्य नागरिकांवरच्या हल्ल्यांचं समर्थन कसं करतात? तिचा आजा गोमा शेजारी विळ्याला धार लावत बसला होता. लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलं होतं.

"मुद्दा पहिला," रुचितानं पुन्हा सुरुवात केली. "अन्याय आधी आमच्यावर झाला, असं त्या सांगतात. दुसरा, आम्ही इशारा दिला होता. तिसरा, मेले त्यांचीच चूक, ते तिथं गेलेच कशाला. चौथा, आमचा नेम दुसऱ्यावर होता."

गोमानं अंगठ्यानं धार पाहिली. "माणसं मारायची आणि वर कारणं सांगायची. मेल्यांना लाज कशी नाय वाटत गं?"

लाजेला मार्क नसतात आजा, असं म्हणून रुचिता हसली.

गोमाला हसू आलं नाही. सकाळपासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काल दिवेलागणीच्या आधी रानाच्या अंगाला मोठा आवाज झाला होता, आणि आज उजाडता उजाडता बातमी गावभर झाली होती. वाडीवरच्या कोंडीच्या गायीचा जबडा फुटला होता. भात नासणाऱ्या रानडुकरांसाठी कुणीतरी पिठात दडवून बॉम्बगोळा ठेवला होता आणि तो गायीनं चावला होता. कुणी ठेवला हे गाव विचारत नव्हतं. रानालगतची शेतं चौघांची, आणि चौघंही आपलेच, मग विचारून वाईट कोण होणार? गोमाला तर विचारायची गरजच नव्हती. त्यानं पाच ठेवले होते.

तेवढ्यात कोंडी अंगणात येऊन उभी राहिली. हातात गायीचं दावं होतं. पायरी ती चढली नाही. वाडीवरची माणसं कधीच चढत नसत, आणि चढा असं त्यांना कुणी म्हटलंही नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. तिनं तोंड उघडायच्या आत गोमाच सुरू झाला. डुकरांनी निम्मं भात लोळवलं तेव्हा कोण आलं होतं विचारायला? अर्ज करून करून चपला झिजल्या त्या कुणाच्या? त्या बांधाकडं गुरं सोडू नका, असं नळावर चारचौघांत सांगून झालं होतं की नाही? मग गाय तिथं गेलीच कशी? आणि ज्यानं कुणी ठेवला असेल, त्यानं डुकरासाठी ठेवला, गायीसाठी थोडाच ठेवला.

"सुक्यासंगं ओलं बी जळतं, कोंडे," तो शेवटी म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की घोकणं थांबलंय. रुचिताचं बोट वहीतल्या चौथ्या मुद्द्यावर होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. गोमाला वहीतलं वाचता येत नव्हतं, नातीच्या तोंडावरचं मात्र वाचता आलं. त्याला आपल्याच ओटीवर बसायची लाज वाटली.

"मी गायीचं बोलाया नाय आले, गोमादादा," कोंडी म्हणाली. "ती आता काय खात नाय न पीत नाय. आज रविवार हाय. वाडीची पोरं खेकडं धराया तुमच्या बांधाकडं गेलीत. आनखी किती हायत, तेवढं सांग."

मला काय ठाऊक, हे शब्द गोमाच्या जिभेवर आलेच होते. तेवढं म्हटलं असतं की तो सुटला असता. आकडा सांगायचा म्हणजे आधी पोलीस पाटील, मग चौकी, मग तालुक्याचं कोर्ट, आणि साठ वर्षं जपलेली अब्रू चव्हाट्यावर. तो कोंडीच्या हातातल्या दाव्याकडे बघत राहिला. दाव्याच्या फासाला रक्त सुकलेलं होतं.

"चार," तो म्हणाला.

विळा तिथंच टाकून तो उठला. रुचिताला त्यानं पोलीस पाटलाकडे पिटाळलं, आणि काय सांगायचं तेही सांगितलं, आपल्या नावासकट. ती वही तशीच उघडी टाकून पळाली.

शेत लांब नव्हतं, पण कोंडी धावत होती आणि तिला गाठताना गोमाला धाप लागत होती. पहिला गोळा बांधाच्या कोपऱ्यात सापडला. दुसरा आणि तिसरा काटेरी कुंपणाच्या कडेला होते. कोंडीनं कशाला हात लावला नाही, नुसती प्रत्येकापाशी एकेक फांदी रोवली. चौथा ओहोळाच्या काठाला ठेवला होता. तिथं गोळा नव्हता. चिखलात डुकराचे खूर नव्हते. लहान पावलं होती, अनवाणी, आणि ती ओहोळात उतरलेली होती.

पलीकडे करवंदीच्या जाळीआड पोरं हसत होती.

गोमा बांधावर चढला. जन्मात तो इतक्या मोठ्यानं ओरडला नव्हता. "पोरांनो, तो हळू खाली ठेवा. मी ठेवलाय रं तो, गोमानं. डुकरासाठी ठेवलेला, तुमच्यासाठी नाय..."

कोंडी गुडघाभर पाण्यात पोचली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"डुकराचं नको सांगू त्यांना," ती म्हणाली. "गोळा कसा दिसतो, ते सांग."