ओट्याची उंची

"डोळे मिटून घे," म्हणत नवऱ्याने तिची चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून आत ढकलली. तिने डोळे मिटले नाहीत. नवऱ्याच्या ते लक्षात आलं नाही, कारण तो आपल्या बहिणीकडे वळून सांगत होता, "बायकोसाठी माणसाने काय करावं, ते आज बघ!"

नणंदेने तोंडभर कौतुक केलं. घरातली ठोकाठोक संपेपर्यंत दोघं तिच्याकडेच राहिली होती, त्यामुळे दादाच्या मोठ्या मनाच्या गोष्टी तिला एव्हाना पाठ झाल्या होत्या. कोपऱ्यात ओटेवाल्या बाई उभ्या होत्या. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना सोयीची स्वयंपाकघरं बांधून देणं हा त्यांचा धंदा, आणि सगळीकडे त्यांना याच नावाने ओळखत. एरवी बडबड्या बाई आज नुसती हातातली टेप गुंडाळत होत्या.

नवरा एकेक चीज दाखवत सुटला. हा दांडीचा नळ, हात थरथरला तरी नुसत्या धक्क्याने उघडतो. ही शेगडी, बंद करायला विसरलं तरी आपली आपण विझते. बटणांवरचे आकडे एवढे ठळक, की चष्मा नसला तरी दिसावेत. सगळे खण कंबरेच्या वर, म्हणजे वाकताना गुडघ्यांना त्रास नको. "एवढा विचार कोण करतं हल्ली?" तो म्हणाला. खरं तर त्याने विचार केला होता तो फक्त फरशीच्या रंगाचा. बाईंनी नकाशा समोर धरला, तेव्हा त्याने तेवढंच पाहिलं होतं.

ती ऐकत होती आणि आतून नुसती धुमसत होती. वर्षानुवर्षं ती सांगत आली होती, वरची फळी खाली घ्या, माझा हात पोचत नाही. "आजवर काही अडलं का?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी वरचा डबा काढताना ती स्टुलावरून पडली आणि पाठीचा मणका गेला. धप्प आवाज ऐकून तो दारात आला. त्याने जमिनीवरच्या बायकोकडे पाहिलं, मग शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, दूध उतू चाललंय!"

पुढे दवाखान्यातही तेच. यांना आता उभं राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा याने विचारलं, "पण बसून स्वयंपाक जमेल ना?" न्हाणीघराचा उंबरा तसाच राहिला. दोघांनी उचलल्याशिवाय तिला आंघोळीला जाता येत नव्हतं, पण ते म्हणे नंतर बघू. ओटा मात्र ताबडतोब. वर लोक म्हणणार, नवरा असावा तर असा! याचं उट्टं काढल्याशिवाय राहायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

ओटेवाल्या बाई मापं घ्यायला आल्या होत्या, तेव्हा नवरा बाहेरच्या खोलीत फोनवर गप्पा हाणत होता. बाईंनी टेप काढली. "ओट्याची उंची कोपरावरून ठरते. हात जरा वाकवता?"

तिने हात वाकवला नाही. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती, मापं तिच्या डोक्यात पक्की असत. "टेप राहू द्या," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

सुरुवातीचे आकडे लिहिले आणि बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. बाहेरच्या हसण्याकडे कान दिला. "एकदा बसवलं की बदलता येणार नाही, बरं का. तुमचेच हाल होतील."

"होऊ देत. पुढचं लिहा."

बाईंनी लिहिलं.

"आता जरा हात फिरवून बघ की!" नवऱ्याने खुर्ची पुढे दामटली, तशी तिची पावलं समोरच्या बंद फळीवर आपटली. ओट्याखाली पाय घालायला जागाच नव्हती. ओट्याची कड थेट तिच्या छातीशी आली. तिने हात लांब केला, पण बोटं नळापर्यंत गेली नाहीत. जिथे सगळा जन्म गेला, तिथलं पेलाभर पाणीसुद्धा आता तिच्या हाती उरलं नव्हतं. क्षणभर तिचाच जीव गलबलला. मग तिने हात मागे घेतला आणि शांतपणे मांडीवर ठेवला.

नवऱ्याचा पारा चढला. "अहो बाई, हे काय करून ठेवलंत? हिचा हात कुठेच पोचत नाही! मापं घेताना झोपला होतात का?" तावातावाने त्याने दोन्ही हात ओट्यावर टेकले. पाठ वाकली नाही, खांदे उचलावे लागले नाहीत, कोपरं अलगद जागच्या जागी बसली.

नणंद बघतच राहिली. "अय्या दादा, तुला तर अगदी बेतून शिवल्यासारखा बसलाय!"

"बाईंना कशाला बोलता?" ती खुर्चीतून म्हणाली. "मापं मीच दिली, तुमची. आता चार कप चहा टाका."