खोडवा

१९९४ साल. बारामतीच्या एका दवाखान्यात कुशाबाईंनी नऊ दिवस डोळे उघडले नव्हते. त्यांचे मालक जोतीराम तात्या येईल त्याला एकच विचारायचे, "वय झालं, वय झालं म्हणता. पर वय झालं की माणूस मरतंय कशानं?"

शेवटी बारावी सायन्सच्या नातीनं, सुकन्यानं, पुस्तकातलं सांगून टाकलं. "तात्या, अंगातल्या पेशी झिजतात, त्यांच्यातूनच नव्या तयार होतात. पण असं किती वेळा होणार, याला मर्यादा असते."

"म्हंजी खोडवा."

"काय?"

"ऊस तोडला की त्याच बुडख्यातनं परत फुटतो. पहिल्यांदा मनगटाएवढा, मग अंगठ्याएवढा, चौथ्या साली नुसती काडी. तुज्या पुस्तकानं आमचंच रान छापलंय की! पर आमी हात टेकत न्हाय. युरिया टाकला की काडीलाबी फुटवा येतो. माणसाला काय टाकत्यात?"

सुकन्यानं पुस्तक मागून-पुढून चाळलं. त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. "आजोबा, यांच्या किडन्या पार थकल्यात. रक्तात युरिया फार वाढलाय. आता घरी न्या, जवळच्यांना बोलावून घ्या."

तात्या धोतर सावरत समोरच्या एसटीडी बूथवर पळाले. भिगवणच्या लेकीनं फोन उचलताच हंबरडा फोडला.



"रडतीस काय येडे? आईला घरी न्या म्हणलेत. युरिया लागू पडलाय!"