पाण्यातलं शहर

नेरेइदानं चार पानं एकदम उलटली आणि व्हेनिस गाळून थेट व्हिएन्ना वाचायला घेतलं.

तिला वाटलं, कुणाच्या ध्यानात येणार नाही. समोर दीडशे माणसं माना खाली घालून चिरूट वळत होती. पण पुढच्या रांगेतल्या एवारिस्तोनं हातातली सुरी खाली टाकली. ती लादीवर खणकन वाजली. मागून दुसरी पडली, मग तिसरी. क्यूबातल्या चिरुटांच्या कारखान्यांत काम चालू असताना कामगारांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि सुऱ्यांची ही रीतही तितकीच जुनी आहे. वाचणाऱ्या बाईवर खूश झाले की कामगार सुरी समोरच्या फळीवर ठोकतात, आणि बाई चुकली की जमिनीवर टाकतात.

"बाई, वॉर्सानंतर व्हेनिस!" एवारिस्तो ओरडला. "हात वर करकरून निवडलंय आम्ही हे शहरांचं पुस्तक, यादी पाठ आहे. अख्खं शहर गिळलंत आणि ढेकरसुद्धा नाही?"

सगळे हसले. तिसऱ्या रांगेतली कासिमिरा तेवढी हसली नाही. तिनं हातातलं तंबाखूचं पान खाली ठेवलं आणि वर बघितलं.

नेरेइदाला नेमकी तिचीच भीती होती. सहा वर्षांपूर्वी कासिमिराचा मुलगा देश सोडून जायला टायरच्या ट्यूबांवर फळ्या बांधून समुद्रावर गेला, तेव्हापासून त्याचं पत्र नाही की निरोप नाही. दीड महिन्यामागे या पुस्तकातलं अथेन्स चालू असताना तिनं मध्येच विचारलं होतं, "तिथं आपल्याकडचं कुणी दिसतं का गं पोरी?" जिभेला काय, हाड थोडंच असतं! नेरेइदानं पुस्तकातलंच असल्यासारखं वाचून टाकलं: संगमरवरी पायऱ्यांवर एक माणूस बसलाय, त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे. ती भुवई कुणाची, ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं. एकानंही सुरी टाकली नाही. कासिमिरानं मात्र आपली सुरी फळीवर ठोकली, कितीतरी वर्षांनी.

मग तो प्रत्येक शहरात यायलाच लागला. "पायाला भिंगरी आहे बुवा या गड्याच्या," एवारिस्तो म्हणायचा. "महिन्यात दहा देश! आम्हाला इथं जवळच्या सिएनफुएगोसची बस मिळत नाही."

इथवर ठीक होतं. पण कैरोच्या दिवशी नेरेइदानं त्याला पिरॅमिडच्या सावलीत उभा केला आणि तिच्या तोंडून गेलं, त्याचे बूट ओले आहेत. त्या वाळवंटात बूट कुठून ओले व्हायचे? ती स्वतःशीच चपापली. लंडनच्या घड्याळाखाली तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. पॅरिसच्या मनोऱ्यापाशी रांगेत उभा राहिला, तर शर्टातून पाणी निथळत होतं आणि लोक त्याच्यापासून लांब सरकत होते. यातला एकही शब्द तिनं ठरवून उच्चारला नव्हता. घरी जाऊन तिनं ती पानं पुन्हा पुन्हा तपासली. पुस्तकात असलं काहीच नव्हतं.

आणि आता हे व्हेनिस. जिथं रस्त्यांच्या जागी पाणीच आहे, तिथं तो आपल्या तोंडून कसा बाहेर येईल, या विचारानंच तिनं ती पानं उलटली होती.

"वाच, पोरी," कासिमिरा म्हणाली.

नेरेइदानं पानं मागे उलटली. ती घंटेच्या मनोऱ्याबद्दल वाचू लागली, कबुतरांनी भरलेल्या चौकाबद्दल, चारशे पुलांबद्दल. ती छापलेल्या ओळीला घट्ट धरून चालली होती. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, इथं परिच्छेद संपला, तशी तिनं तोंड मिटून घेतलं. ध्वनिक्षेपकातून तिचा नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"आणि तो?" कासिमिरानं विचारलं.

"या शहरात तो नाही, मावशी."

"आहे. बघ नीट."

नेरेइदानं ओठांवरून जीभ फिरवली. एकेक शब्द निवडून, मोजून ती बोलू लागली. "सगळ्यात वरच्या पायरीवर एक माणूस उभा आहे. त्याची भुवई तुटलेली आहे. कपडे कोरडे आहेत. बूट कोरडे आहेत. केससुद्धा अगदी कोरडे." तिनं हुश्श केलं. एवढ्यावर थांबायचं असं तिनं पक्कं ठरवलं होतं, पण ओठ पुन्हा हलले. "त्यानं एक पाय खालच्या पायरीवर..."

"नको!"

कासिमिरा उठून उभी राहिली होती. तिच्या मांडीवरची पानं खाली पडली.

"तिथंच थांबव त्याला. खाली उतरवू नकोस. पोहता येत नव्हतं त्याला." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. "मला ठाऊक होतं. तरी फळ्या बांधायला दोर मीच दिला."

कुणाचीच सुरी वाजली नाही, ना फळीवर, ना लादीवर. एवारिस्तो मान खाली घालून एकच चिरूट पुन्हा पुन्हा वळत राहिला.

कासिमिरा सावकाश खाली बसली. तिनं पडलेलं एक पान उचललं, फळीवर ठेवून तळहातानं सपाट केलं.

"ते पुढचं काय म्हणालीस, व्हिएन्ना?" तिनं विचारलं. "समुद्रापासून लांब, उंचावर आहे ना गं ते?"