सासूबाईंचा तक्ता

सरावपाठात नापास झालेली भावी शिक्षिका पुन्हा वर्गात उभी राहिली. मागच्या बाकावर तेच परीक्षक बसले होते, फळ्यावर सासूबाईंनी आठवडाभर खपून रंगवलेला अपूर्णांकांचा तक्ता झळकत होता. तिने समजावलं, मुलांनी माना डोलावल्या. एक चष्मेवाली मात्र अडली. "बाई, तिनापेक्षा चार मोठे ना? मग एकचतुर्थांश एकतृतीयांशापेक्षा लहान कसा?" परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "पुढे चला, मॅडम." ती फळ्याकडे वळली. मग तिने तक्ता उतरवला आणि टर्रकन फाडला. दोन सारख्या पट्ट्या काढल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. मुलीने तुकड्यावर तुकडा ठेवून पाहिला. "अय्या! वाटेकरी वाढले की वाटा घटतो!" "पाठ अर्धाच राहिला," परीक्षक गुरगुरले. "हो, सर," म्हणत तिने उरलेला तक्ता पुढच्या बाकावर ठेवला. "आता एकपंचमांश कोण करून दाखवणार?"