गालिचे धुण्याचा दिवस

तायमीने चिंध्यांचे चार गालिचे एकचाकी गाडीत घातले, वर साबणाची बादली ठेवली आणि भल्या सकाळीच ती पाय्यान्ने तलावाच्या लाकडी धक्क्यावर आली. धक्क्यावर बसून गालिचे धुवायला आता बंदी होती. त्यासाठी काठापासून लांब, गवतात, टेबलं आणि नळ बसवले होते. साबणाच्या आणि मळाच्या पाण्यावर शेवाळ माजतं म्हणे. तिच्या आईने, आजीने इथेच गालिचे घासले, तेव्हा नव्हतं माजलं ते?

ही बंदी गावसभेत मांडली होती तिच्याच जिवलग मैत्रिणीने, एल्वीने. तेव्हापासून तीन उन्हाळे तायमीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं आणि गालिचे धुणंही. आता युहान्नुसचा, भर उन्हाळ्यातला सण आठवड्यावर आला, नातवंडं येणार, आणि गालिच्यांचा रंग ओळखू येईना. एल्वीवाचून घर तिला खायला उठायचं. पण आधी नमतं कोण घेणार?

नेमकी एल्वी टेबलापाशीच होती. तायमीने तिच्याकडे पाठ केली, गुडघे टेकले आणि ब्रश भिजवायला वाकली. वाकली ती तशीच राहिली.

खाली तळ दिसत होता. दगड, वाळू, वाळूवर रेंगाळणारे दोन मासे. लहानपणानंतर तिने इथे हिरव्या पाण्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, आणि सांगायला जवळ एकच माणूस होतं.

"एल्वी, तळ दिसतोय गं."

"गेल्या वर्षीपासून दिसतोय," एल्वी मान वर न करता म्हणाली. "तू तोंड फुगवून बसलीस, तुला कसा दिसणार? आण ते गालिचे इकडे. वास इथवर येतोय."

नळाच्या पाण्यात काही दम नाही, ही कुरकुर तायमीने चौथ्या गालिच्यापर्यंत चालू ठेवली. घासता घासता दोघींनी तीन वर्षांत साचलेल्या गावभरच्या भानगडी उकरून काढल्या आणि पोट दुखेस्तोवर हसल्या. दुपारपर्यंत वाळत घातलेल्या गालिच्यांचे लाल-निळे पट्टे वाऱ्यावर डुलू लागले.

घामाघूम झालेली तायमी चपला काढून, अंगावरच्या झग्यासकट धक्क्याकडे निघाली.

"थांब," मागून एल्वी म्हणाली. "पायाला साबण आहे."

सत्तरी ओलांडलेली तायमी मुकाट्याने मागे फिरली. नळाखाली एकेक पाऊल तिने चोळून धुतलं, बोटांच्या बेचक्यासुद्धा, वर उचलून एल्वीला दाखवलं, आणि मग धक्क्यावरून धावत जाऊन पाण्यात उडी घेतली.