खोली नऊची बंदी

जुन्या पेटीचं झाकण उघडलं तशी पंख्याच्या जाळीतून दोन झुरळं बाहेर पडली आणि ब्रायोनीच्या मनगटावरून पळाली. तिने हात झटकला. आत धुळीचे गोळे, केसांचे गुंते आणि झुरळांची काळी घाण. शुश्रूषागृहाचे सगळे फोन आणि सगळं इंटरनेट अकरा वर्षं या एकाच पेटीतून चाललं होतं.

"नवीन पेटी बसव आणि जुनीतले नियम जसेच्या तसे उतरव," कोराली म्हणाली. ती इथली व्यवस्थापक. तिच्या हातात सॉसेज रोल होता आणि सॉस हनुवटीवर ओघळला होता. "एकही गाळू नकोस."

बंडाबर्ग शहरात ब्रायोनी बारा वर्षं फोन-इंटरनेट जोडायचं हेच काम करत होती. तिने यादी वाचायला घेतली. फोनवरचं बोलणं आधी जाऊ द्यायचं, कॉम्प्युटरची माहिती मागून. औषधांच्या नोंदी मुख्य कचेरीला वेगळ्या, बंद वाटेने. सगळं नेहमीचं.

मग खोली नऊ आली.

खोली नऊमधून बाहेर फोन बंद. खोली नऊच्या टॅब्लेटवर हवामान आणि घोड्यांच्या शर्यती सोडून सगळं बंद. त्याखाली एक मोबाइल नंबर, आणि सूचना: हा नंबर इमारतीतल्या कुठल्याच फोनवरून लागू नये.

"हे काय आहे?"

"आहे तसं राहू दे."

"माणूस राहतो ना तिथे? की कैदी?"

कोरालीने अंगठ्यावरचा सॉस चाटला. "नऊबद्दल मी बोलू शकत नाही. तू विचारू नकोस. वायरी जोड."

ब्रायोनीला किळस आली. घाणीची की या बाईची, तिचं तिलाच कळेना.

खोल्यांमधले फोन बदलत ती नऊपर्यंत पोचली. गॅलरीभर फिनेल आणि उकडलेल्या कोबीचा वास कोंदला होता. नऊमध्ये मात्र पलंगाची चादर ताठ, खिडकी उघडी. सत्तरीचा एक माणूस वॉकरला धरून उभा राहिला. इस्पितळात खुब्याचं हाड बसवून इथे आला होता, आता बरा होत होता. नाव क्लेम.

"बस पोरी. अगं, हात असा अंगापासून लांब का धरलायस?"

"झुरळं."

"भेटली का? माझ्या चहात पोहायला येतात. पट्टीची पोहणारी आहेत."

ती सकाळपासून पहिल्यांदा हसली. नवीन फोन जोडता जोडता तिने विचारलं, "जुना लागायचा का हो नीट?"

"स्वयंपाकघराला लागायचा. तिथून जे ताटात येतं ते बघितलंस तर म्हणशील, न लागलेला बरा."

"आणि बाहेर?"

तो खिडकीकडे वळला. पलीकडे कुणी ऊस पेटवला होता. काळे तुकडे चौकटीवर येऊन पडत होते.

"मुलगी आहे. नरेल. दोन नातवंडं. चार वर्षं आवाज ऐकला नाही तिचा. ही बाई म्हणते, लाइन खराब आहे."

"लाइन खराब नाहीये." ब्रायोनीच्या तोंडून निघून गेलं.

"मग?"

तिने सांगितलं. बंदी, टॅब्लेट, तो एक नंबर. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

"म्हणजे नंबर आहे तुमच्याकडे," तो हळू म्हणाला. "माझी वही इस्पितळातच हरवली गं."

ब्रायोनीने जुना फोन पिशवीत टाकला. गिऱ्हाइकाने सांगितलेला नियम गाळायचा म्हणजे नोकरीशी खेळ. तिला स्वतःला दोन पोरं होती. तेवढ्यात गॅलरीतून कोरालीचा आवाज आला, "सहाने परत अंथरूण भरवलंय! आणि चौदाला आधी धुवा, मग जेवण द्या!"

माणसांना इथे नावंच नव्हती.

"अर्ध्या तासात येते," ती क्लेमला म्हणाली.

कपड्यांच्या खोलीमागे, पेटी होती त्या कोंदट कपाटापाशी बसून तिने एकेचाळीस नियमांपैकी अडतीस नवीन पेटीत उतरवले. नंबर एका कागदावर लिहून घेतला. नवीन पेटी चालू केली, दिवे हिरवे झाले. जुनी पेटी तिने काळ्या पिशवीत कोंबून बाहेर टाकली आणि साबणाने तीनदा हात धुतले.

कोरालीने दारातून डोकावलं. "सगळे नियम घेतलेस?"

"सगळे," ब्रायोनीने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. एवढ्या सहज खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

क्लेम वाट बघत बसला होता. मधल्या वेळात त्याने केस विंचरले होते. तिने कागद पुढे केला. त्याने तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"तूच लाव. हा नवा फोन मला जमत नाही. स्पीकरवर लाव."

तिने आकडे दाबले. घंटी दोनदा वाजली.

"हॅलो?" बाईचा आवाज. मागे कुत्रं भुंकत होतं आणि एक पोर खिदळत होतं.

डोळे मिटून क्लेम नुसतं ऐकत राहिला. बापलेकीमध्ये आपण कशाला, म्हणून ब्रायोनी दाराकडे वळली.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"नरेल," तो म्हणाला. "बाबा."

पलीकडे काहीतरी खाली पडून फुटलं.

"पोरांना आत घे!" ती कुणावर तरी ओरडली. "दारं लाव सगळी! कोर्टाने बंदी घालूनसुद्धा त्याला कुणीतरी आपला नंबर दिलाय!"