खड्डा पडेना

दाजींना हल्ली एका जागी बसवत नव्हतं. पुढच्या महिन्यात धूमकेतू दिसणार होता, तो स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून दाखवीन असं लेकीला कबूल करून बसले होते, आणि आकाशप्रेमींच्या क्लबच्या खोलीत दुर्बिणीचा आरसा काही खोलगट व्हायचं नाव घेत नव्हता. काम तसं बिनडोक होतं. दोन सारख्या गोल काचा, मध्ये काच झिजवणारी ओली पूड, आणि घासत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगते. वरची तो आरसा, म्हणून त्याच्या पाठीवर दाजींनी लाल ठिपका दिला होता.

वेळ पुरेना म्हणून त्यांनी मेव्हण्यालाही जुंपलं. सकाळी दाजी, संध्याकाळी मेव्हणा. तरी रोज सकाळी आरशावर पट्टी आडवी धरून बघावं, तर काच आपली तव्यासारखी सपाट! येरझाऱ्या घालून घालून दाजींनी खोलीतली फरशी मात्र खोलगट करत आणली.

"संध्याकाळी घासतोस ना रे, की नुसता चहा ढोसून जातोस?" शेवटी ते कडाडले.

"शप्पथ दाजी! दंड बघा, भरून आलेत. उलट मी तुमच्यापेक्षा जपून घासतो."

"जपून म्हणजे?"

मेव्हण्याची छाती फुगली.



"आरसा हातातून निसटला तर भाचीचा धूमकेतू गेला ना! म्हणून मी ठिपकेवाली काच खाली ठेवतो आणि दुसरी वरून घासतो."